व्हिक्टोरियन डॉक्टर ऑपरेशन आणि पोस्टमॉर्टेम करताना काय घालायचे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

राणी व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. या त्रेसष्ट वर्षांत भूल आली, रोग जंतूंमुळे होतात हे कळलं, आणि डॉक्टरच्या अंगावरचे कपडे काळ्याचे पांढरे झाले. त्यामुळे कुणी ‘व्हिक्टोरियन डॉक्टर काय घालायचे?’ असं विचारलं की आधी ‘कुठल्या साली?’ असं उलट विचारावं लागतं. खालचे प्रश्न कथा लिहिणारे, एकांकिका बसवणारे आणि वेब सिरीज बघून चक्रावलेले लोक हमखास विचारतात. उत्तरं मुख्यतः ब्रिटनबद्दल आहेत. गोष्ट दुसऱ्या देशातली असेल तिथे तसं सांगितलं आहे.

थोडक्यात सांगा, काय घालायचे?

साधारण १८८० पर्यंत स्वतःचाच एखादा जुना, गडद फ्रॉक कोट. नाहीतर कोट काढून ठेवायचा, शर्टाच्या बाह्या कोपरावर सारायच्या आणि वेस्टकोटवर ॲप्रन बांधायचा. मास्क नाही, टोपी नाही, हातमोजे नाहीत. शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत पांढरा झगा रुळत गेला, तोही सगळीकडे एकदम नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. हे कपडे पेशंटला जपण्यासाठी नव्हतेच. आपले चांगले कपडे रक्तापासून वाचावेत, एवढाच त्यामागचा हिशोब होता.

फ्रॉक कोट म्हणजे नक्की कसला?

गुडघ्यापर्यंत लांब, कमरेत बसणारा, लोकरी कापडाचा कोट. वकील, बँकवाले, खासदार सगळे दिवसा हाच घालत. त्याखाली वेस्टकोट, खळ घातलेली कॉलर, गळ्यात काळा रेशमी टाय, आणि बाहेर पडताना डोक्यावर उंच रेशमी टोप. फिजिशियन मंडळी तर त्या टोपात लाकडी स्टेथोस्कोप ठेवून फिरत. १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेकने काढलेला स्टेथोस्कोप म्हणजे सरळ पोकळ नळी होती, ती टोपात मावायची.

थोडक्यात, डॉक्टरचा म्हणून वेगळा पोशाख नव्हताच. सभ्य गृहस्थाचा होता तोच डॉक्टरचा.

ऑपरेशनचा कोट धुवायचे का नाहीत?

पहिलं कारण अगदी साधं. शिंप्याने अंगाबरोबर बेतलेला, आत अस्तर आणि कॅनव्हास घातलेला लोकरी कोट उकळत्या पाण्यात घालताच येत नाही. तो ब्रशने झाडायचा, डाग ओल्या फडक्याने टिपायचे, झालं. रक्त आणि पू लोकरीत मुरले की डाग जात नाहीत, कापड ताठ होतं. मग असा कोट हॉस्पिटलातल्या कपाटात किंवा खुंटीवर कायमचा टांगून ठेवायचा आणि ऑपरेशनच्या दिवशी अंगात चढवायचा. वर्षानुवर्षं.

दुसरं कारण मानाचं. लंडन हॉस्पिटलचे सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी म्हातारपणी आपल्या तरुणपणच्या आठवणी लिहिल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सर्जनचा कोट रक्ताने जितका भिजून कडक झालेला, तितका त्याचा अनुभव मोठा असं मानलं जाई. लीड्सचे बर्कली मॉइनिहॅन यांनीही हेच पाहिलं होतं. वरिष्ठ सर्जन येणार, वाटेतल्या कपाटातून तो जुनापुराणा कोट काढणार, आणि त्याच वेषात थेट टेबलापाशी जाणार. हे वर्णन १८४० सालचं नाही बरं का. मॉइनिहॅन शिकत होते १८८० च्या दशकात, म्हणजे जखमा जंतुनाशकाने स्वच्छ ठेवा असं सांगणारे जोसेफ लिस्टर यांचे लेख छापून आल्यावर वीसेक वर्षांनी!

अशा कोटाचा आणखी एक तपशील सहसा कुणी दाखवत नाही. रक्तवाहिन्या बांधायला मेण लावलेले दोरे लागत. ते पटकन हाताशी यावेत म्हणून कोटाच्या काजात अडकवलेले असत, झुपक्यासारखे छातीवर लोंबत. सर्जनने हात पुढे केला की त्यातला एक ओढून द्यायचा. तो बांधायचा आणि टोकं लांब ठेवून जखमेबाहेर सोडायची, म्हणजे काही दिवसांनी पू होऊन आतली गाठ सुटली की दोरा ओढून काढता येईल. जखमेत पू होणार हे गृहीतच होतं. घट्ट, पांढरट पू आला तर जखम ‘चांगली’ चालली आहे असं म्हणत. त्या काजातला दोरा कुठून कुठे गेला हे मात्र डोळ्यांपुढे आणून बघा.

हात तरी धुवायचे ना?

धुवायचे, पण बहुतेक वेळा ऑपरेशन झाल्यावर.

ऑपरेशन थिएटरात बाकीचे लोक काय घालून असत?

जे घालून घरून आले तेच. लंडनच्या सदर्कमध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलचं जुनं थिएटर आजही बघायला मिळतं. एका चर्चच्या माळ्यावर १८२२ साली बांधलेलं हे थिएटर १८६२ साली बंद पडलं, मग विस्मरणात गेलं आणि १९५६ साली पुन्हा सापडलं. मधोमध लाकडी टेबल, त्याभोवती अर्धगोलात चढत जाणारे लाकडी टप्पे. त्यांवर विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे असत, अंगावर बाहेरचे कोट आणि बुटांना लंडनच्या रस्त्यावरचा घोड्याच्या लिदीचा चिखल. टेबलाखाली भुशाची पेटी असे. रक्ताची धार दुसरीकडून गळू लागली की सर्जन ती पेटी पायाने तिकडे सरकवायचा. भुसा मुख्यतः जमीन आणि बूट वाचवण्यासाठी.

भूल येण्याआधी पेशंटला धरून ठेवायला माणसं लागत, त्यांचेही कपडे रोजचेच. पेशंटचं काही वेगळं नव्हतं. शर्ट वर करायचा, लागेल तेवढाच भाग उघडा करायचा.

लंडनचा सर्जन रॉबर्ट लिस्टन याने घाईत एका प्रेक्षकाच्या कोटाची शेपटं कापली आणि तो घाबरून मेला, हे खरं का?

गोष्ट मोठी खुमासदार आहे. एका ऑपरेशनात तीन बळी: पेशंट, बोटं कापली गेलेला मदतनीस आणि कोट फाटलेला प्रेक्षक. पण त्या काळातला एकही पुरावा तिला नाही. ती विसाव्या शतकात लोकप्रिय झाली. खरा लिस्टन याहून रंजक आहे. २१ डिसेंबर १८४६ रोजी युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात त्याने ईथरची भूल देऊन फ्रेडरिक चर्चिल नावाच्या बटलरचा पाय मांडीतून कापला. पाय वेगळा व्हायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही म्हणतात. भुलीमुळे सर्जनची घाई गेली, त्यामुळे ऑपरेशनं लांबली आणि वाढलीही. कोट मात्र तेच राहिले. म्हणजे भूल आल्यावर काही वर्षं जखमा चिघळण्याचा धोका उलट वाढलाच असेल, कमी झाला नसेल. हे माझं मत.

पोस्टमॉर्टेमसाठी वेगळा पोशाख होता का?

गणवेश म्हणावा असा नव्हता, पण काळजी ऑपरेशनपेक्षा जास्त घेतली जाई. कारण उघड आहे, इथे जीव डॉक्टरचा जाण्याची भीती होती. मृतदेह चिरताना बोटाला जरासं खरचटलं तरी हात सुजायचा, काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि माणूस आठवड्यात जायचा. वैद्यकीय विद्यार्थ्यांत अशा मृत्यूंची धास्ती कायम असे.

म्हणून जुना कोट किंवा नुसता वेस्टकोट, त्यावर गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत येणारा जाड ॲप्रन, शक्य असेल तर मेणकापडाचा किंवा रबर लावलेल्या कापडाचा. बाह्या वर. हातांना चरबी, तेल किंवा पुढे पुढे व्हॅसलीन चोळायचं, नखांच्या कडांना तर दाबून भरायचं, म्हणजे बारीक चिरांतून ‘विष’ आत जाणार नाही. रबरी हातमोजे शवविच्छेदनाच्या टेबलावर आधी आले आणि ऑपरेशनच्या टेबलावर नंतर. मेलेल्या माणसापासून स्वतःला वाचवायचं त्यांना लवकर सुचलं, जिवंत पेशंटला स्वतःपासून वाचवायला आणखी काही दशकं जावी लागली. या सगळ्या विषयात मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

हे झालं मोठ्या हॉस्पिटलचं. गावातल्या साध्या डॉक्टरचं चित्र निराळं. कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी बहुधा पबमध्ये भरायची, मृतदेह मागच्या पडवीत किंवा तबेल्यात ठेवलेला असायचा, आणि डॉक्टर तिथेच एखाद्या फळीवर काम उरकायचा. १८३६ च्या कायद्याप्रमाणे साक्षीला एक गिनी (एका पौंडाहून जरा जास्त) आणि पोस्टमॉर्टेमसह दोन गिनी मिळत. त्या जादा एका गिनीसाठी कोण खास कपडे शिवणार? कोट खिळ्याला टांगायचा, घरून आणलेला ॲप्रन लावायचा, शेवटी बादलीत हात बुडवायचे.

राजधानीतही फार वेगळं नव्हतं. १८८८ साली व्हाइटचॅपलच्या खूनसत्रात ॲनी चॅपमनचं पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉ. बॅगस्टर फिलिप्स यांनी चौकशीत उघड तक्रार केली होती, की अशा अपुऱ्या सोयींत डॉक्टरांना हे काम करायला लावणं बरोबर नाही. तिथलं शवागार म्हणजे नुसती शेड आहे, हेही त्याच चौकशीत बोललं गेलं.

पोस्टमॉर्टेम करून त्याच कपड्यांत जिवंत पेशंटकडे जायचे?

हो. सर्रास. सकाळी शवागार आणि मग वॉर्ड, हा क्रम शिक्षणाच्या दृष्टीने चांगला मानला जाई.

याविरुद्ध बोलणारे होते. अमेरिकेत बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ साली बाळंतरोगावर, म्हणजे बाळंतिणीला येणाऱ्या जीवघेण्या तापावर, लिहिताना स्पष्ट सांगितलं, की अशा रोगाने दगावलेल्या बाईच्या पोस्टमॉर्टेमला जो डॉक्टर हजर राहिला त्याने नीट अंग धुवावं, अंगावरचा एकूण एक कपडा बदलावा आणि निदान चोवीस तास बाळंतिणीकडे जाऊ नये. एकूण एक कपडा! जंतू हा शब्दही तेव्हा या अर्थाने कुणाच्या तोंडी नव्हता. प्रसूतितज्ज्ञांच्या बड्या धेंडांना हा अपमान वाटला.

चार वर्षांनी, १८४७ साली, व्हिएन्नात याकोब कोलेच्का हे प्राध्यापक पोस्टमॉर्टेम चालू असताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून वारले. त्यांच्या शरीराच्या तपासणीत जे दिसलं ते बाळंतरोगाने मेलेल्या बायकांच्या शरीरात दिसायचं तसंच होतं. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांना दुवा तिथे सापडला. शवविच्छेदनाच्या खोलीतून येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायचे असा नियम त्यांनी मे महिन्यात केला. एप्रिलमध्ये त्यांच्या प्रसूती वॉर्डात शेकडा अठराच्या आसपास बाया दगावल्या होत्या, उन्हाळ्यात तो आकडा दोनच्या घरात आला. सेमेलवाइस यांचा भर हातांवर होता, कपड्यांवर नाही. पुढे त्यांचं म्हणणं बहुतेकांनी धुडकावलं.

लंडनमध्ये थॉमस स्पेन्सर वेल्स अंडाशयाच्या गाठी काढत. ऑपरेशन बघायला येणाऱ्या पाहुण्यांकडून ते वदवून घेत, की आठवडाभरात आपण पोस्टमॉर्टेमच्या किंवा विच्छेदनाच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. पोट उघडलं की पेशंट दगावणारच असं मानणाऱ्या काळात त्यांचे बहुसंख्य पेशंट वाचत होते.

पांढरा झगा लिस्टरने आणला ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

जोसेफ लिस्टर यांनी ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोत जेम्स ग्रीनलीज या अकरा वर्षांच्या मुलाच्या, गाडीचं चाक जाऊन हाड बाहेर आलेल्या पायावर कार्बॉलिक ॲसिड या जंतुनाशकाची पट्टी बांधली आणि पाय वाचला. त्यांच्याच आकड्यांनुसार आधी हात-पाय कापायच्या ३५ ऑपरेशनांपैकी १६ पेशंट दगावले होते, नव्या पद्धतीत ४० पैकी ६. पण त्यांचं सगळं लक्ष जखम, हत्यारं, हात आणि हवा यांवर होतं. १८७१ पासून ते कार्बॉलिकचा फवारा मारत. थिएटरभर धुकं, सगळ्यांचे डोळे चुरचुरणार, हातांची सालं निघणार. आणि त्या धुक्यात स्वतः लिस्टर कशात? कोट काढलेला, बाह्या दुमडलेल्या, वेस्टकोटवर टाचणीने लावलेला एक साधा टॉवेल. त्याआधी तर विच्छेदनाच्या खोलीतून निवृत्त झालेला एक जुना निळा कोट ते ऑपरेशनला घालत असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगत.

रोग हवेतून येतो अशी समजूत मुरलेली होती, म्हणून हवा आधी धुतली गेली आणि कोट राहून गेला. १८९० साली लिस्टर यांनी फवारा चुकीचा होता हे जाहीरपणे मान्य केलं.

मग कपडे बदलले कोणी?

जर्मनांनी. कील शहरात गुस्टाव्ह नॉयबर यांनी १८८० च्या दशकात झगे आणि टोप्या सक्तीच्या केल्या. बर्लिनला अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांच्या क्लिनिकमध्ये वाफेने निर्जंतुक करायची पद्धत बसवली गेली. इथे सुती आणि लिननच्या झग्याचं महत्त्व कळतं, कारण वाफेत तो टिकतो, फ्रॉक कोट टिकत नाही. पांढरा रंग सोयीचा, डाग लपत नाही.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर फिलाडेल्फियाच्या थॉमस एकिन्स या चित्रकाराची दोन मोठी चित्रं शेजारी ठेवा. १८७५ च्या चित्रात डॉ. सॅम्युअल ग्रॉस मांडीच्या हाडाचं ऑपरेशन करताहेत: काळा कोट, मदतनीस काळ्या कोटात, ग्रॉस यांच्या रक्ताळलेल्या उघड्या बोटांत सुरी. १८८९ च्या चित्रात डॉ. डेव्हिड ॲग्न्यू आणि त्यांचे मदतनीस पांढऱ्या कपड्यांत, शेजारी टोपी घातलेली नर्स. शहर तेच, मध्ये फक्त चौदा वर्षं. दुसऱ्या चित्रातही हातमोजे आणि मास्क नाहीत, हे मात्र निरखून बघा.

हातमोजे कधी आले?

अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात, १८८९-९० च्या हिवाळ्यात. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांच्या थिएटरातल्या मुख्य नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत. हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. हातमोज्यांमुळे पेशंटच्या जखमाही कमी चिघळतात, हे त्यांच्या सहकाऱ्यांना काही वर्षांनी उमगलं. ब्रिटनमध्ये मोजे लवकर वापरणाऱ्यांत, मघाशी आलेले मॉइनिहॅन होते.

आणि मास्क?

१८९७. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊमध्ये मिकुलिच या सर्जननी तोंडावर गॉजचा एक थर बांधायला सुरुवात केली. बोलताना उडणाऱ्या तुषारांत जंतू असतात हे त्याच शहरातल्या कार्ल फ्लुगे यांनी दाखवलं होतं. त्याच वर्षी पॅरिसचे पॉल बेर्जे सहा पदरी गॉज वापरू लागले. त्याची खालची कड ॲप्रनलाच शिवलेली असे, कारण बेर्जे यांना भली मोठी दाढी होती आणि तीही झाकायची होती. व्हिक्टोरियन सर्जनांच्या दाढी-मिशा बघता बाकीच्यांनी हा विचार आधी का केला नाही, देव जाणे.

पक्ष्याच्या चोचीचा तो मुखवटा?

तो सतराव्या शतकातल्या प्लेगच्या डॉक्टरांचा. व्हिक्टोरियन काळाशी त्याचा संबंध नाही.

स्त्री डॉक्टर काय घालत?

ब्रिटिश आणि अमेरिकन बायका गळाबंद, लांब बाह्यांचा, जमिनीपर्यंतचा पोशाख घालत, त्यावर ॲप्रन. पुरुषाला निदान कोट काढता यायचा.

मराठी वाचकाला इथे आनंदीबाई जोशी आठवणारच. एकिन्सने ती दोन चित्रं काढली त्याच फिलाडेल्फियात, त्या दोन चित्रांच्या मधल्या काळात, विमेन्स मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. तिथल्या थंडीतही त्यांनी साडी सोडली नाही. ऑक्टोबर १८८५ चा त्यांचा प्रसिद्ध फोटो आहे, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या, म्हणजे पांढरे झगे नुकते रुळत असताना.

हिरवे-निळे कपडे दाखवले तर चालतील?

नाही. हिरवा रंग १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका सर्जनने आणला.

एकांकिकेसाठी कपडेपट करायचा आहे. काय घेऊ?

१८५० चं दृश्य असेल तर जुना काळा लांब कोट. त्याच्या बाह्यांच्या कडा आणि पोटावरचा भाग तपकिरी-काळा करा, लाल नको. वाळलेलं रक्त लाल दिसत नाही, आणि कापड लकाकायला हवं, त्यासाठी फेव्हिकॉल पाण्यात कालवून लावा. काजात दोऱ्यांचा झुपका विसरू नका. १८७५ साठी वेस्टकोट, टाचलेला टॉवेल आणि टेबलावर फवाऱ्याचं यंत्र. १८९५ साठी मागून बांधायचा पांढरा झगा, हात उघडे, तोंड उघडं. गावातलं पोस्टमॉर्टेम असेल तर जाड ॲप्रन, चरबीचा डबा आणि पाण्याची बादली. टोप सर्जनच्या डोक्यावर नको, दाराजवळच्या खुंटीवर असू दे.